ओटी असिस्टंट कोर्स, सांगली-मिरज : कुणी केलाय का? (भाचीसाठी विचारतेय)

तासगावची_मावशी
नमस्कार मंडळी. भाची बारावी सायन्स झाली, पीसीबी ग्रुप. नीट (मेडिकलची प्रवेश परीक्षा) दिली, पण एमबीबीएसच्या जवळपासही मार्क नाहीत. तेव्हापासून आमच्याकडे रोज रात्री जेवणं झाली की बैठक बसते. दाजी म्हणतात बीएस्सी अ‍ॅग्री कर, आजी म्हणते डी. फार्म कर, दुकान टाकून देऊ. पोरगी गप्प.

परवा दाजींनी सांगलीतल्या एका ऑफिसातून पॅम्फ्लेट आणलं. त्यावर ‘ऑक्युपेशनल थेरपी असिस्टंट, कालावधी १ वर्ष, सरकारमान्य, कॅनडात नोकरीची हमी’ असं छापलंय. फी दीड लाख, वर ‘प्रोसेसिंग’ वेगळं. किती वेगळं ते सांगत नाहीत. दाजी द्राक्षाचे पैसे आले की भरायच्या तयारीत आहेत. हा कोर्स नक्की काय असतो? कुणी केलाय का? नोकरी कुठे लागते? माहीत असेल त्यांनी कृपया लिहा.

मिरज_जंक्शन
मावशी, मिरजेत ओटी म्हटलं की ऑपरेशन थिएटर. इथल्या हॉस्पिटलांच्या ‘ओटी असिस्टंट पाहिजे’ अशा जाहिराती असतात त्या सगळ्या थिएटरच्या. ऑटोक्लेव्ह (हत्यारं वाफेने निर्जंतुक करायचं यंत्र) लावायचा, ट्रॉली मांडायची, स्वॅब मोजायचे, हे काम. वाईट अजिबात नाही, आमच्या गल्लीतली दोन पोरं त्यावर घर चालवतात. पण ते वेगळं आणि ऑक्युपेशनल थेरपी वेगळी. पॅम्फ्लेटच्या मागे विषय छापले असतील ते वाचा. निर्जंतुकीकरण, भूल, शस्त्रक्रियेची हत्यारं असं काही दिसलं तर समजून जा.

कडूलिंब
हमी शब्द दिसला की तिथूनच परत फिरावं. पोरीला जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) नाहीतर बीएस्सी नर्सिंगला घाला. जगात कुठेही जा, नर्सला काम आहे. हे थेरपी-बिरपी शहरातल्या लोकांचे लाड.

स्प्लिंटवाली
मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, म्हणजे आजार-अपघातानंतर माणसाला रोजची कामं पुन्हा स्वतः करायला शिकवते. मुंबईत शिकले, आता सांगलीत प्रॅक्टिस करते. जरा लांब लिहिते.

आधी कडूलिंब यांच्यासाठी. कडबाकुट्टीत बोटं गेलेला माणूस माझ्याकडे येतो तेव्हा जखम भरलेली असते, सर्जनचं काम संपलेलं असतं. पण उरलेल्या थोटकाला साधा शर्टचा कपडा लागला तरी तो कळवळतो. त्याला मी आधी कापसाने, मग टॉवेलने, मग ज्वारीच्या डब्यात हात घालून चोळायला लावते. रोज, दिवसातून अनेकदा. हळूहळू ती जागा स्पर्शाला सरावते. मग विळा धरायला जमावं म्हणून मूठ जाड करून द्यायची, म्हशीची धार काढायला कोणती बोटं वापरायची ते बसवायचं. पॅरालिसिस झालेल्या बाईला ब्लाउज घालायला शिकवायचं. घालताना आधी लुळा हात, काढताना आधी चांगला हात. ऐकायला दोन वाक्यं वाटतात, पण हे न कळल्यामुळे वर्षभर गाऊनवर बसलेल्या बायका मी पाहिल्यात. एकीला भाकरी थापायची होती, दुसरं काही नको म्हणाली. तेच आमचं ध्येय म्हणून कागदावर लिहिलं. लाड कसले यात?

आता कोर्सचं. भारतात ऑक्युपेशनल थेरपिस्ट व्हायचं तर बीओटीएच ही पदवी, इंटर्नशिप धरून साडेचार-पाच वर्षं. महाराष्ट्रात प्रवेश नीटच्या मार्कांवर, राज्याच्या सीईटी सेलच्या (प्रवेश देणाऱ्या कक्षाच्या) फेऱ्यांतून होतो, आणि विद्यापीठ नाशिकचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ. मुंबईत केईएम, नायर आणि सायन ही महापालिकेची कॉलेजं, नागपूरला सरकारी मेडिकल. एमबीबीएस हुकलेली बरीच मुलं इथे येतात, पण यादीत बीओटीएचचा पर्यायच भरत नाहीत, कारण घरात कुणी नाव ऐकलेलं नसतं. पदवीनंतर राज्याच्या ऑक्युपेशनल थेरपी आणि फिजिओथेरपी परिषदेत नोंदणी करावी लागते. त्याशिवाय प्रॅक्टिस करता येत नाही.

‘असिस्टंट’ नावाची नोंदणीकृत पायरी अमेरिकेत आहे तशी आपल्याकडे नाही. आपल्याकडे थेरपिस्टच्या हाताखाली काम करणाऱ्या मुली असतात, आम्ही त्यांना मदतनीस म्हणतो, कुणी अटेंडंट म्हणतं. त्या काम करता करता शिकतात. माझ्याकडची एक तर मला टोकते, ‘मॅडम, काकूंचा खांदा धरून उठवू नका’ म्हणून.

२०२१ साली केंद्राने अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्सचा कायदा केला. त्यात अलाइड हेल्थ प्रोफेशनल म्हणवून घ्यायला किमान दोन हजार तासांचं शिक्षण आणि तेही दोन ते चार वर्षांत पसरलेलं, अशी व्याख्या आहे. हेल्थकेअर प्रोफेशनलसाठी तीन हजार सहाशे तास, तीन ते सहा वर्षांत. एक वर्षाचा कोर्स यात कुठेच बसत नाही. तेव्हा ‘सरकारमान्य’ म्हणजे कुठल्या सरकारने, कुठल्या कायद्याखाली मान्य केलंय, ते त्या ऑफिसात लेखी मागा.

मिरज_जंक्शन
ज्वारीचा डबा हे भारी आहे. माझ्या चुलत्याला हे कुणी सांगितलंच नव्हतं.

बर्फातली_सातारकर
मूळची साताऱ्याची, सध्या ओंटारिओत. मी स्वतः फिजिओ, कराडला बीपीटीएच केलं. इथे येऊन आधी फिजिओथेरपी असिस्टंट म्हणूनच काम केलं, कारण फिजिओचा परवाना मिळायला वेळ लागतो. त्यामुळे या नोकरीची ओळख चांगली आहे.

कॅनडात हा कोर्स म्हणजे ऑक्युपेशनल थेरपी आणि फिजिओथेरपी असिस्टंट असा जोड डिप्लोमा, कम्युनिटी कॉलेजात, दोन वर्षांचा. त्यात प्लेसमेंट असते, म्हणजे हॉस्पिटलात, वृद्धांच्या केंद्रात किंवा क्लिनिकमध्ये प्रत्यक्ष काम. प्लेसमेंटच्या आधी पोलिसांचा दाखला, लसींचा पुरावा, सीपीआरचं प्रमाणपत्र मागतात. असिस्टंटला इथे कायद्याने परवाना लागत नाही. थेरपिस्टला लागतो आणि असिस्टंटच्या कामाची जबाबदारी त्याच्यावर असते. परवाना लागत नाही हे एजंट लोक फार गोड करून सांगतात. पण हॉस्पिटलवाले जाहिरातीतच हा डिप्लोमा मागतात. सांगलीतलं एक वर्षाचं सर्टिफिकेट दाखवलं तर ते विनयाने ‘थँक यू’ म्हणतील आणि विषय तिथेच संपेल.

म्हणजे कॅनडाच हवं असेल तर कोर्सही इथेच येऊन करावा लागतो. त्याचा खर्च दीड लाखात मोजायचा नाही. परदेशी विद्यार्थ्याची फी, वर राहण्या-खाण्याचे पैसे खात्यात दाखवावे लागतात. २०२४ पासून तो आकडा एकट्या विद्यार्थ्याला वीस हजार डॉलरच्या वर आहे. त्याच वर्षी सरकारने स्टडी परमिटवर मर्यादा घातली आणि शिक्षणानंतरच्या वर्क परमिटचे नियमही बदलले. आमच्या ओळखीतल्या एका कुटुंबाने जमीन गहाण टाकून मुलाला पाठवलं आणि नियम मध्येच फिरले. एजंटच्या तोंडून नियम ऐकू नका, कॅनडा सरकारच्या इमिग्रेशनच्या साइटवर स्वतः वाचा. इंग्रजीत आहे पण अवघड नाही, भाचीला वाचायला बसवा.

काम कसं असतं तेही सांगते. वृद्धांच्या केंद्रात सकाळी सात-साडेसातला सुरुवात. आजोबांना पलंगाच्या कडेला बसवायचं, कमरेला पट्टा बांधून उभं करायचं, दात घासायला बेसिनपर्यंत न्यायचं. जेवताना घशात अडकत नाही ना बघायचं. मग नोंदी लिहायच्या. कंबर दुखते. मराठीत कुणी बोलत नाही. तरी मला काम आवडायचं, हेही खरं.

कडूलिंब
म्हणजे आपल्याकडे घरातल्या मामींनी केलं तर सेवा आणि तिकडे केलं तर डॉलर.

बर्फातली_सातारकर
कडूलिंब, मामींना कुणी शिकवलेलं नसतं म्हणून तर आजोबांचा लुळा खांदा निखळेपर्यंत ओढला जातो. फरक तिथे आहे.

ओहायोकर
अमेरिकेचं थोडक्यात लिहितो, बायको या क्षेत्रात आहे.

इथे ओटी असिस्टंट म्हणजे दोन वर्षांची असोसिएट डिग्री, आता काही ठिकाणी चार वर्षांची पदवीही आहे. कॉलेजला एसीओटीई या संस्थेची मान्यता हवीच. शिक्षणातच सोळा आठवड्यांचं पूर्णवेळ फिल्डवर्क येतं (थेरपिस्टला चोवीस आठवडे). त्यानंतर एनबीसीओटी या संस्थेची परीक्षा. ३०० ते ६०० अशा मोजपट्टीवर ४५० ला पास. मग ज्या राज्यात काम करायचं त्या राज्याचं लायसन्स. मान्यताप्राप्त कॉलेजातून शिकलेलं नसेल तर असिस्टंटच्या परीक्षेला बसताच येत नाही. भारतात थेरपिस्टची पूर्ण पदवी घेतलेल्यांसाठी एनबीसीओटीची वेगळी छाननी आहे, त्यातून थेरपिस्टच्या परीक्षेकडे जाता येतं. असिस्टंटसाठी तसं दार नाही. म्हणजे गंमत बघा, भारतातून मोठी पदवी घेऊन येणाऱ्याला वाट आहे, छोट्या सर्टिफिकेटवाल्याला नाही.

पेशंटची पहिली तपासणी आणि उपचाराचा आराखडा थेरपिस्टचा. असिस्टंट त्या आराखड्याप्रमाणे उपचार करते, बदल दिसला तर कळवते, पण आराखडा स्वतः फिरवत नाही. तिच्याखाली ‘एड’ नावाची आणखी एक पायरी असते. त्याला डिग्री लागत नाही, सामान लावणं, पुसणं, पेशंटला ने-आण करणं. एजंट लोक या दोन्ही पायऱ्यांची सरमिसळ करतात, पगार सांगताना असिस्टंटचा सांगतात आणि पात्रता सांगताना एडची.

पगार म्हणाल तर असिस्टंटचा मधला आकडा वर्षाला पासष्ट हजार डॉलरच्या वर आहे. पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, २०२२ पासून मेडिकेअर (वृद्धांसाठीची सरकारी विमा योजना) असिस्टंटने दिलेल्या उपचाराचे ८५ टक्केच पैसे देतं, त्यामुळे मालक लोक हिशेब करायला लागलेत. दुसरं, एच-वन-बी हा नोकरीचा व्हिसा साधारणपणे पदवी लागणाऱ्या कामाला मिळतो. असोसिएट डिग्रीच्या जोरावर इथे टिकणं फार कठीण. इथे जन्मलेल्यांना किंवा ग्रीन कार्डवाल्यांना हा उत्तम मार्ग आहे. तासगावहून येणाऱ्या मुलीला नाही.

कराडकर_७१
मी थेरपिस्ट नाही, बाप आहे. मुलीला सेरेब्रल पाल्सी आहे (मेंदूतल्या दोषामुळे हात-पाय नीट हलत नाहीत), आता नऊ वर्षांची. वरची सगळी माहिती वाचली, चांगली आहे, पण कॅनडा-अमेरिकेत धागा वाहून चाललाय म्हणून लिहितो.

आमच्याकडे थेरपिस्ट पंधरवड्यातून एकदा येतात. मधले सगळे दिवस कोण? आधी मी आणि बायको. नंतर गावातली एक मुलगी ठेवली, बारावी झालेली. थेरपिस्टनी तिला दाखवून दिलं, चमचा कसा धरायला लावायचा, बसवताना कंबर कुठे टेकायची, हात-पाय आखडले की घाई न करता कसे सोडवायचे. चमच्याला सायकलच्या हँडलची रबरी मूठ बसवली तेव्हा पोरीने पहिल्यांदा स्वतःच्या हाताने वरण-भात खाल्ला. अर्धा सांडला. बायको रडत होती आणि ही हसत होती.

त्या मदतनीस मुलीला आम्ही जमेल तेवढं दिलं. पण तिला ना हुद्दा, ना कागद. लग्न ठरलं तेव्हा सासरच्यांनी विचारलं, काय काम करते? सांगता येईना. एका संस्थेत तिने अर्ज केला तर आयाची जागा आहे म्हणाले. इतकं शिकलेल्या हातांना आपल्याकडे नाव नाही, हे मला खटकतं. कुणी सांगेल का, अशा मुलीने खरंच शिकायचं तर काय करावं? परदेश सोडून.

स्प्लिंटवाली
कराडकर, तुमच्या प्रश्नाचं उत्तर मावशींनाही उपयोगी आहे.

आपल्याकडे दोन खऱ्या वाटा आहेत. पहिली रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाची, म्हणजे आरसीआय, १९९२ च्या कायद्याने आलेली. ती ऑक्युपेशनल थेरपी किंवा फिजिओची नोंदणी करत नाही, पण विशेष शिक्षण, समाजाधारित पुनर्वसन, कृत्रिम अवयव, श्रवण-वाचा असे तिचे डिप्लोमा आहेत. पास झाल्यावर केंद्रीय पुनर्वसन नोंदवहीत नाव लागतं, नंबर मिळतो. विशेष शिक्षणाचा दोन वर्षांचा डिप्लोमा केलेल्यांना शाळांत काम मिळतं. मान्यता असलेल्या संस्थांची यादी आरसीआयच्या साइटवर असते. यादीत नाव नसेल तर तो कोर्स आरसीआयचा नाही, मग बोर्डावर काहीही लिहिलेलं असो.

दुसरी वाट जनरल ड्युटी असिस्टंटची, हेल्थकेअर सेक्टर स्किल कौन्सिलची. काही महिन्यांचा कोर्स, पेशंटला उठवणं-बसवणं, अंघोळ, स्वच्छता, बेडसोर (पडून राहून होणाऱ्या जखमा) होऊ न देणं. ही थेरपी नाही, पण थेरपिस्टच्या हाताखाली यायला चांगला पाया. तुमच्या मदतनीस मुलीने हे करून ठेवलं तर निदान हातात एक कागद येईल. पगार फार नाही, आधीच सांगते.

जिल्हा पातळीवर लहान मुलांसाठी अर्ली इंटरव्हेन्शन सेंटर (वाढीतल्या अडचणी लवकर ओळखून उपचार करणारी केंद्रं) असतात. २०१३ ला राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला, आपल्याच पालघरहून, त्यातली ही केंद्रं. मुलगी लहान आहे तर तिथेही नोंद ठेवा.

फलटणचा_पाव्हणा
इतका वेळ मुंबई, नागपूर, कॅनडा चाललंय, म्हणून जिल्ह्याची बाजू मांडतो. भारतात ऑक्युपेशनल थेरपीचं पहिलं कॉलेज केईएममध्ये १९५० साली सुरू केलं कमला निंबकर यांनी. जन्माने अमेरिकन, माहेरचं नाव एलिझाबेथ लंडी. लग्न करून निंबकरांच्या घरात आल्या, कमला झाल्या, आणि मग पुन्हा अमेरिकेत जाऊन फिलाडेल्फियात हा विषय शिकून परत आल्या. अखिल भारतीय संघटना १९५२ ची, तीही त्यांच्याच पुढाकाराने, आणि जागतिक महासंघाच्या संस्थापक देशांत भारत आहे तो त्यामुळेच. त्यांचे चिरंजीव म्हणजे फलटणचे शेती संशोधक बनबिहारी निंबकर. फलटणला कमला निंबकर बालभवन शाळा आहे, ती यांच्याच नावाची. आम्ही शाळेवरून रोज जायचो, बाई कोण ते माहीत नव्हतं.

मिरज_जंक्शन
घ्या. सातारा जिल्हा पुन्हा पुढे. मावशी, पॅम्फ्लेटचं काय झालं?

तासगावची_मावशी
सगळ्यांचे आभार. दाजींना घेऊन त्या ऑफिसात गेले. मागच्या बाजूचे विषय वाचायला लावले. मिरज_जंक्शन म्हणाले तेच. निर्जंतुकीकरण, भूल देण्याची साधनं, टेबल मांडणी. पुढच्या पानावर नाव थेरपीचं, मागच्या पानावर अभ्यासक्रम थिएटरचा! विचारलं तर तिथला मुलगा म्हणतो, ‘मॅडम, दोन्ही ओटीच, कॅनडात एकच धरतात.’ कायद्याचं नाव लेखी द्या म्हटल्यावर सर जेवायला गेलेत म्हणाला. दाजी बाहेर येऊन काही बोलले नाहीत, गाडी सुरू केली आणि चहाला थांबले. द्राक्षाचे पैसे सध्या तरी बँकेत आहेत.

भाचीला हा धागा वाचायला दिलाय. तिने आयडी काढलाय, ती लिहील.

भाची_स्वतः
नमस्कार. माझ्याबद्दल सगळे बोलतात म्हणून मीच लिहिते.

मला रक्त बघवत नाही. त्यामुळे थिएटर नको, नर्सिंगही नको असं मी सांगत होते, पण घरात ते कुणी मनावर घेतलं नाही. माणसांना हात लावायला, उचलायला, साफ करायला मला काही वाटत नाही. आजोबा दोन वर्षं अंथरुणावर होते, त्यांचं मीच बघायचे. ब्लाउज-शर्टाचं वाचलं तेव्हा वाटलं, हे तेव्हा कुणी सांगायला हवं होतं.

प्रश्न तीन आहेत. बीओटीएचला रक्ताचं काम असतं का? माझं दहावीपर्यंत मराठी माध्यम आहे, जमेल का? आणि मुंबईला नंबर नाही लागला तर काय करू?

स्प्लिंटवाली
भाची, छान लिहिलंस.

रक्ताचं सांगते. पहिल्या वर्षाला अ‍ॅनाटॉमी असते आणि मृतदेहावर शिकवतात. तिथे रक्त नसतं, फॉर्मॅलिनचा वास असतो, डोळे झोंबतात. पुढे वॉर्डात भाजलेले पेशंट, ताजे टाके, हाताच्या जखमा दिसतात. कापाकापी आपल्याला करायची नसते. माझ्या वर्गात पहिल्या आठवड्यात चक्कर आलेली एक मुलगी आज हाताच्या शस्त्रक्रियेनंतरच्या पेशंटवरच काम करते.

माध्यमाचं म्हणशील तर शिकवणं आणि पेपर इंग्रजीतच. पहिले सहा महिने जड जातात, मग शब्द अंगवळणी पडतात. वॉर्डात मात्र पेशंटला इंग्रजीतून ‘फ्लेक्स युवर एल्बो’ म्हणून काही होत नाही. ‘मामा, घास तोंडाकडं न्या’ म्हटलं की कोपर आपोआप वाकतं. ते तुला येतंच.

नंबर नाही लागला तर. आधी सीईटी सेलची या वर्षीची माहितीपुस्तिका उतरवून घे, मागच्या वर्षीची कुणी दिली तर बाजूला ठेव, पात्रतेच्या अटी बदलतात. पर्याय भरताना बीओटीएचची सगळी कॉलेजं भर, नागपूर लांब आहे म्हणून गाळू नकोस. बीपीटीएच त्याच्याखाली भर, तो पर्याय सांगली-कराडकडेही मिळतो. दोन्हींत फरक आहे, पण रक्त नको आणि माणसं हवीत ही तुझी अट दोन्हीकडे पाळली जाते. हे दोन्ही नाही झालं तर आरसीआयचा विशेष शिक्षणाचा डिप्लोमा. तो कमी प्रतीचा समजू नकोस, मुलांची आवड असेल तर कदाचित तोच बरा. एक वर्ष पुन्हा नीट द्यायची की नाही ते मी सांगणार नाही, ते घरच्या बैठकीत ठरवा. फक्त या वेळी तूही बोल.

कराडकर_७१
भाची, कराडला आलीस तर आमच्या घरी ये. मुलीबरोबर एक दुपार काढ, म्हणजे कळेल जमतंय का. मावशींना घेऊन ये.

कडूलिंब
नर्सिंग अजूनही म्हणतो मी. पण पोरीला रक्त चालत नाही तर विषय संपला. पुस्तिका वाचताना फी आणि होस्टेलचं पान आधी बघ, बाकी नंतर.

स्प्लिंटवाली
कराडकरांची सूचना उत्तम. माझ्याकडेही सकाळी दोन-तीन दिवस बसून बघायला हरकत नाही, मावशींनी मला निरोप पाठवावा. येताना नखं कापलेली हवीत, हातात बांगड्या-अंगठी नको, केस बांधून. वही आण. पेशंटचा फोटो काढायचा नाही, कुणाचं नाव वहीत लिहायचं नाही. आणि पहिल्या दिवशी कुणाला उठवायला पुढे होऊ नकोस, कितीही वाटलं तरी. स्प्लिंट (हाताला बांधायचा आधार) काढल्यावर कातडीवर लाल वळ दिसला तर घड्याळ बघायचं आणि वीस मिनिटांनी तो तसाच असेल तर मला सांगायचं. एवढं काम पहिल्या दिवशी तुझ्याकडे.

भाची_स्वतः
येते. सोमवारी चालेल का? तासगावची सातची एसटी पकडली की साडेआठपर्यंत पोचेन.

स्प्लिंटवाली
सोमवारी गर्दी असते, मंगळवारी ये.